तेवीस नंबरचा पाना

“माझ्यावर कुणीसुद्धा विश्वास ठेवला नाही, चाचा. एकानंही नाही. आता तुम्हीच सांगा, त्या पोरीची कंबर मोडली ती कुणामुळं?”

चाचांनी मान वर केली नाही.

पिराच्या ओट्यावर त्यांनी पांढरं फडकं पसरलं होतं. फडक्यावर कुणाच्या तरी शिवणयंत्राचे सुटे भाग. जो आधी निघाला तो डावीकडं, जो शेवटी निघाला तो उजवीकडं.

“बस,” ते म्हणाले.

“बसायला नाही आले मी.”

“मग उभी राहा. पण उजेडातून बाजूला हो.”

मी बाजूला झाले.

हमजाचाचा आमच्या हँगरचे जुने मिस्त्री. वैमानिक शिकवणारी आमची शाळा. लहान लहान विमानं, दोन माणसं बसतील एवढीच. चाचांनी बत्तीस वर्षं ती विमानं उघडली आणि बंद केली. निवृत्त झाल्यावर धावपट्टीच्या कुंपणापलीकडं पिराच्या खोलीत राहायला गेले. पीर झाडतात, नमाज पढतात, गावातल्या बायकांची शिवणयंत्रं दुरुस्त करून देतात. शाळेत नवा साहेब आला की आधी त्यांना भेटून जातो. चाचांनी एखाद्याला खरा म्हटलं की तो खरा. त्यापुढं कुणी विचारत नाही.

म्हणूनच मी आले होते.

मी त्या शाळेत झाडलोट करते. चौथी पास. सकाळी धावपट्टीवरचे खडे वेचायचे, मग हँगर झाडायचा, आणि शनिवारी संध्याकाळी बोर्ड पुसायचा.

बोर्ड म्हणजे भिंतीवरची मोठी पांढरी फळी. तिच्यावर बेचाळीस हत्यारं टांगलेली. प्रत्येकाच्या मागं त्याचीच आकृती काळ्या रंगानं काढलेली. पाना काढला की काळं दिसतं. संध्याकाळी एक जरी काळं दिसलं, तर त्या दिवशी काम केलेलं एकही विमान जागचं हलवायचं नाही. हत्यार सापडेपर्यंत विमानाचं पोट पुन्हा उघडायचं.

बोर्ड चाचांनीच रंगवलेला. नियमही त्यांचाच.

मी पिशवीतून कागद काढला. दोन पानं, दोन्ही बाजूंनी.

“उद्या दहाला चौकशीचे साहेब येणार आहेत. तो स्टोअरचा सरोदे म्हणतो, बाईनंच पाना घरी नेला आणि दुसरा आणून लावला. माझ्या घरी विमान आहे ना दुरुस्तीला! मी माझा जबाब लिहून आणलाय. तुम्ही फक्त खाली एक ओळ लिहा. सोजर घोडके खोटं बोलत नाही. एवढीच. बाकी मी बघते.”

“वाचून दाखव.”

“तुम्हीच वाचा की.”

“चष्मा नाही.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

 वाचायला लागले.

“‘माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. शुक्रवारी प्रल्हाद इंगोले मिस्त्री यांनी दोन नंबरच्या विमानाच्या पेडलच्या तारांचं काम केलं. शनिवारी संध्याकाळी मी बोर्ड पुसत होते. बोर्ड भरलेला होता. तेवीस नंबरचा पाना पुसताना फडक्याचे दोरे त्याला अडकले. आमचा तेवीस नंबर झिजून गुळगुळीत झालेला आहे. अकरा वर्षांत त्याला कधी दोरा अडकला नाही. ह्याची कड धारेची होती. मानेवर तेवीस कोरलेलं होतं, पण ताजं. नखाला खरखर लागली. वरून तेल आणि धूळ चोळून काळं केलेलं होतं.’”

“चांगलं लिहिलंस.”

“चांगलं दिसावं म्हणून नाही लिहिलं. तसं झालं म्हणून लिहिलं.”

“पुढं?”

पुढं वाचायची मला गरज नव्हती. कागद खाली ठेवला आणि एकेक बोट मिटत मोजायला लागले.

करंगळी.

“सरोदे. त्याला म्हटलं, हा पाना आपला नाही. म्हणाला, तुझं काम पुसायचं. पुसलास ना? मग घरी जा, भाकरी थाप.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, तुझ्या घरी तू थापत असशील.”

चाचा हसले नाहीत.

दुसरं बोट.

“इंगोले. माझ्या हातातून पाना घेतला, परत जागेवर टांगला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, सोजरबाई, पुढच्या महिन्यापासून विमानांवर सही तुम्हीच करा, आम्ही झाडू घेतो. सगळे हसले. पण त्याचं तोंड घामानं भिजलं होतं. मी बघितलं.”

तिसरं.

“शाळेचे साहेब. ते फोनवर होते. दारातूनच बोर्डाकडं बघितलं. म्हणाले, काळं दिसतंय का कुठं? म्हटलं, नाही. म्हणाले, मग?”

चौथं.

“सोहनी कॅप्टन. पोरांना विमान उडवायला शिकवतात ते. त्यांना म्हटलं, साहेब, दोन नंबरचं विमान उद्या उडवू नका. म्हणाले, बाई, सकाळी सातला एक पोरगी त्यात एकटी बसणार आहे, तिच्या कानावर हे दोऱ्याचं पुराण घालू नका, उगीच घाबरेल.”

चार बोटं मिटली. माझा आवाज चढला होता. चढू दे, म्हटलं.

“आणि रविवारी सकाळी ती पोरगी बसली त्यात. केतकी वाघचौरे. वीस वर्षांची. मला मावशी म्हणायची. मी धावपट्टीच्या कडेला खडे वेचत होते, चाचा. वर गेली तेव्हा ठीक होती. उतरली तेव्हाही ठीक. चाकं टेकली, आणि विमान एका अंगाला ओढायला लागलं. ओढत गेलं ते चरात. तिचा पाय पेडलवर होता. पेडल दबतच नव्हतं. खालच्या पत्र्यात, तारेला टेकून, आपला खरा तेवीस नंबर अडकलेला. काळा. गुळगुळीत.”

चाचांच्या हातात पेचकस होता. तो त्यांनी फडक्यावर ठेवला. त्याच्या जागेवर.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“चालेल की नाही सांगता येत नाही म्हणतात.”

...

वाऱ्यानं पिराची हिरवी चादर थोडी उचलली. चाचांनी ती नीट केली. परत येऊन बसले. माझ्या हाताकडं बघत राहिले.

“हा राहिला,” ते म्हणाले.

“कोण?”

“अंगठा.”

मी बघितलं. चार बोटं मिटलेली, अंगठा तसाच उभा.

“चौघंच होते,” मी म्हटलं.

“कागद घे. पहिली ओळ परत वाच.”

“‘माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही.’”

“हे खोटं आहे.”

माझ्या डोक्यात सणक गेली.

“खोटं? मी? अहो, गावात विचारा कुणालाही! स्वतःच्या सासूला तोंडावर चोर म्हटलेली बाई आहे मी. सरपंचाला भर सभेत म्हटलं, नळाचं पाणी तुझ्या वाड्याकडंच का वळतं. ती सोजर खोटं बोलते? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं ना, चाचा...”

“खोटं आहे.”

“काय खोटं आहे त्यात?”

“एकानं विश्वास ठेवला होता.”

...

 

“शनिवारी,” चाचा म्हणाले, “हँगरमधून निघाल्यावर तू कुठं गेलीस?”

“घरी.”

“सरळ घरी?”

मी खाली बघितलं. फडक्यावर एक बारीक स्प्रिंग होती. तिच्याकडं बघत राहिले.

“सोजर.”

“इथं आले होते,” मी म्हटलं.

इथंच आले होते. ह्याच ओट्यावर. सगळे चहाला गेले तेव्हा बोर्डावरून तो पाना काढला, पदराखाली घेतला आणि कुंपणाच्या फटीतून आले. चाचांना काही सांगितलंसुद्धा नव्हतं. नुसता हातात दिला.

चाचांनी डोळे मिटले. पाना तळहातावर तोलला. मानेवरून अंगठा फिरवला, एकदा जाताना, एकदा येताना. नाकाशी नेला.

“आपला नाही,” म्हणाले होते.

ते दोन शब्द ऐकून मला रडू आलं होतं. त्या संध्याकाळी चार माणसांनी वेड्यात काढलं होतं. वाटलं, आता झालं. आता कुणाच्या बापाला भीत नाही.

मग चाचा म्हणाले होते, “परत टांगून ये. प्रल्हादला मी उद्या सकाळी एकट्याला गाठून सांगतो. चारचौघांत नको. माझ्या हाताखाली शिकलेला आहे. मान खाली जाईल त्याची.”

मी गेले. टांगला. ह्याच हातानं. काळं झाकलं गेलं.

घरी गेले, जेवले, झोपले. चांगली झोप लागली. चाचांनी म्हटलंय ना, सांगतो म्हणून.

“मी काय सांगितलं होतं तुला?” चाचांनी विचारलं.

“जाऊ दे ते.”

“काय सांगितलं होतं?”

“उद्या सांगतो म्हणालात.”

“मग सांगितलं का?”

“आला होतात की तुम्ही! सव्वासातला फाटकाशी होतात. मी बघितलं.”

“आणि विमान?”

“...वर होतं.”

चाचा मान हलवत राहिले. हो म्हणाल्यासारखी. पण कुणाला, ते कळेना.

मला ते बघवेना. मी घाईघाईनं बोलायला लागले. “अहो, तुमचा काय संबंध? तुमची ना तिथं नोकरी, ना सही. पाना विसरला इंगोले. बाजारातून दुसरा आणून नंबर कोरला इंगोलेनं. सरोद्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. साहेब फोनवर. कॅप्टन दीडशहाणे. ह्या चौघांना धरा ना. तुमच्यासारख्या म्हाताऱ्या माणसाचं नाव कशाला त्यात ओढायचं? मी मुद्दाम नाही लिहिलं.”

“मुद्दाम.”

“हो. तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी...”

त्यांनी कागद उचलला. शेवटचं पान उलटलं. खाली मी चार बोटं जागा कोरी सोडली होती. त्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

“ही जागा कुणाची?”

“तुमची. तुमच्या ओळीची.”

“वर माझं नाव असतं, तर खाली माझी ओळ चालली असती का?”

मी कागद ओढायला गेले. त्यांनी बोट उचललं नाही.

“चालली असती?”

“नाही.”

“मग मला वाचवत होतीस... की स्वतःला?”

सासूला चोर म्हणताना माझी जीभ अडखळली नव्हती. सरपंचासमोर अडखळली नव्हती. आत्ता अडखळली.  वाटलं, पदर ओढून घ्यावा तोंडावरून आणि कुंपणाच्या फटीतून निघून जावं.

खरं तेच होतं. शनिवारपासून आज बुधवार. चार दिवस मी हँगरमध्ये, चहावर, बायकांमध्ये, दवाखान्याच्या दारात केतकीच्या आईसमोर छाती बडवून सांगत होते, कुणी ऐकलं नाही हो माझं, कुणी नाही. ती माउली माझे हात धरून म्हणाली होती, तुम्ही एकट्या खऱ्या निघालात. मी हात सोडवून घेतले नव्हते.

“पाणी पी,” चाचा म्हणाले.

“नको.”

“पी.”

प्यायले. 

“मग माझं लिहिते,” मी म्हटलं. “पाना मी ओळखला, आणि मीच परत टांगला. हात माझा. दोष सोजर घोडकेचा. हे तरी खरं ना?”

“खरं आहे. तेही लिही.”

“झालं तर मग.”

“कुणी सांगितलं म्हणून टांगलास?”

“चाचा, पुरे ना आता!”

“बोर्डावर खोटा पाना असेल, तर खरा कुठं असतो?”

हे आमच्याकडं नव्या माणसाला पहिल्या दिवशी विचारतात. मलाही विचारलं होतं, अकरा वर्षांपूर्वी. झाडूवाली होते तरी विचारलं होतं.

“विमानात,” मी म्हटलं.

“तुला कुणी शिकवलं हे?”

“...तुम्ही.”

“सरोद्याला वाटलं, बाई बडबडते. साहेबांना वाटलं, बोर्ड भरलाय. सोहनींना वाटलं, पोरगी घाबरेल. प्रल्हादला वाटत होतं, पाना गवतात पडला असेल, मिळेल. सगळ्यांना काही ना काही वाटत होतं.” चाचांनी चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत. नुसता काढला. “मला काही वाटत नव्हतं, सोजर. मला माहीत होतं.”

...

“तुम्हाला इंगोलेची दया आली,” मी म्हटलं. “दया येणं काय गुन्हा आहे?”

“पोरीला विचार.”

कुंपणापलीकडं हँगरचं दार बंद होतं. रविवारपासून एकही विमान उडालेलं नव्हतं. इतकं शांत मी तिथं कधी ऐकलं नव्हतं.

“लोक काय म्हणतील चाचा? बोर्ड रंगवला त्यानंच... अहो, पिराच्या पायरीवर कुणी चढणार नाही. नवा साहेब येईल तो तुमच्याकडं बघणारसुद्धा नाही.”

“उजेड जातोय. लिही.”

“आणि मी? खाली तुमची ओळ नसली, तर उद्या माझं कोण ऐकणार? सरोदे म्हणेल, बाईनं आता म्हाताऱ्याचंही नाव घेतलं. नोकरी जाईल. पोलिसांत नेतील मला.”

 चाचांनी खिशातून पेन काढला, टोपण उघडलं, आणि माझ्या बाजूला ठेवला. टोपण मात्र स्वतःच्या मुठीत ठेवलं.

मी ओट्यावर बसले होते. कधी बसले होते तेही कळलं नव्हतं. आले तेव्हा उभी होते.

मग पेन घेतला.

पहिली ओळ खोडली. एकदा खोडून भागेना. अक्षरं दिसतच होती. पुन्हा खोडली. कागद फाटायला आला.

वर बारीक जागा होती, तिथं लिहिलं, ‘माझ्यावर एका माणसानं विश्वास ठेवला.’

चाचा वाकून बघत होते. आता चष्मा खरंच नव्हता, तरी बघत होते.

खाली लिहिलं, ‘त्यांनी पाना हातात घेऊन ओळखला. त्यांनी सांगितलं म्हणून मी तो परत टांगला. त्यानंतर मी कुणाला बोलले नाही. ते...’

हात थांबला.

“लिही.”

“नाही हो होत चाचा.”

“मघाशी सरोद्याचं कसं झालं? प्रल्हादचं कसं झालं?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”



डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मान मागं घेतली आणि एकच शब्द लिहिला. ‘चाचा.’

त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. बोटाला यंत्राचं तेल होतं. शब्दाभोवती डाग पसरला.

“चाचा तर कुणीही असतो, सोजर. हजेरीच्या वहीत होतं तसं लिही, पूर्ण... हमजा दाऊद मुल्ला.”